पांढऱ्या माळावरची अकरा मिनिटं

आमच्या बस कंपनीच्या आगारात, टायरच्या गोदामाच्या बरोब्बर वर, एक लांबोडकी खोली होती. रबराचा वास बाराही महिने फरशीतून वर यायचा. नवा माणूस आला की नाक धरायचा, आम्हाला तो यायचाच बंद झाला होता. त्या खोलीत दोन टेबलं. एक माझं, सुट्या भागांच्या नोंदींचं. दुसरं चकतीताईंचं.

हे नाव त्यांना ड्रायव्हरांनी दिलं होतं. तेव्हा लांब पल्ल्याच्या प्रत्येक गाडीत, वेगाच्या काट्यामागे, रोज एक कागदी चकती बसवत. चहाच्या बशीएवढी, वर मेणाचा पातळ थर. गाडी चालली की दोन सुया त्या मेणावर ओरखडे काढत राहायच्या. बाहेरची सुई वेगाची. गाडी पळाली की तिची रेघ वर चढायची. आतली सुई अंतराची. ती करवतीच्या दात्यांसारखी खालीवर जायची, दर दहा किलोमीटरला एक दाता. गाडी थांबली की दोन्ही रेघा सपाट. गाडी आगारात आली की चकती काढून ताईंच्या टेबलावर यायची, आणि ताई चष्मा कपाळावर सारून, भिंग डोळ्याला लावून ती वाचायच्या. कुठे थांबला, किती वेळ थांबला, कुठे गाडी जास्त ताणली, सगळं.

"हा घरी भांडून निघालाय," त्या मला म्हणायच्या. "पहिल्या तासात बघ कसे ब्रेक मारलेत." आणि दुपारी तो ड्रायव्हर कँटीनमध्ये खरंच तोंड फुगवून बसलेला दिसायचा. ताईंचे यजमान दातांच्या डॉक्टरांना कवळ्या बनवून द्यायचे. "घरी तो दात घासतो, इथे मी दाते मोजते," असं म्हणून त्या स्वतःच खळखळून हसायच्या.

आमची सगळ्यात लांबची गाडी थेट पलीकडच्या टोकाच्या शहराला जायची. आठशे बेचाळीस किलोमीटर, चौदा तास दहा मिनिटं. सकाळी साडेपाचला सुटायची, संध्याकाळी सात चाळीसला पोचायची. त्याच शहरात ताईंची आई राहायची, ताईंच्या धाकट्या बहिणीकडे.

दर रविवारी आईचा फोन. म्हातारीला किलोमीटर कळत नसत. तिचं अंतर डब्यांवर चालायचं. जवळच्या गावाला एक डबा न्यावा लागतो, तुझ्या गावाला दोन, असा हिशेब.

"दोनच डबे लांब आहेस ना गं? मग येत का नाहीस?"

"येते आई, हा महिना जाऊ दे."

महिने जात राहिले. कर्मचाऱ्यांना वर्षातून चार वेळा फुकट पास असायचा. ताईंनी चार वर्षांत एकही पास फाडला नव्हता. कारण विचारलं तर सांगता आलं नसतं. मला एकदा म्हणाल्या, "रोज तो रस्ता माझ्या टेबलावर येतो रे. सगळी वळणं, सगळे थांबे बघते. संध्याकाळी वाटतं, जाऊनच आलोय."

या रस्त्याच्या चकत्यांमध्येच ती गोष्ट त्यांना सापडली होती. मी नोकरीला लागायच्याही आधी.

चारशे अठ्ठ्याऐंशीव्या किलोमीटरनंतर एक लांबलचक पूल आहे. पूल ओलांडला की खारी जमीन लागते. गवताची काडी नाही, घर नाही, झाड नाही. मीठ फुटलेली पांढरी सपाटी, वीस-बावीस किलोमीटर. ड्रायव्हर तिला पांढरा माळ म्हणतात. थांबावं असं तिथे काहीच नाही, आणि कुणी थांबतही नसे. ताईंना नोकरीच्या तिसऱ्या वर्षी एक चकती मिळाली. त्या माळावर वेगाची रेघ सत्तरवर स्थिर होती. म्हणजे गाडी पळत होती. पण आतली अंतराची रेघ सपाट होती. अकरा मिनिटं. मग पुन्हा दाते सुरू, जिथे थांबले होते तिथूनच. एकूण अंतर बरोब्बर आठशे बेचाळीस, आणि गाडी पोचायला अकरा मिनिटं उशीर.

म्हणजे अकरा मिनिटं गाडी धावली, आणि कुठेच गेली नाही.

मेकॅनिक म्हणाला, यंत्र बिघडलंय. यंत्र बदललं. चौदा महिन्यांनी तीच रेघ पुन्हा आली. गाडी वेगळी, ड्रायव्हर वेगळा, या वेळी तर गाडी परत येत होती. जागा तीच. मिनिटं अकराच. ताईंनी साहेबांना दाखवलं. साहेबांनी चकती उलटीसुलटी करून पाहिली आणि म्हणाले, "शेऱ्यात यंत्रदोष लिहा आणि मोकळ्या व्हा." ताईंनी तसं लिहिलं. तशा सोळा चकत्या त्यांनी एकोणीस वर्षांत गोळा केल्या. नियमाप्रमाणे वर्षभरानंतर चकत्या रद्दीत जायच्या. या सोळा मात्र एक्स-रेच्या एका जुन्या पाकिटात, टेबलाच्या खालच्या खणात होत्या.

मला त्या दाखवल्या तेव्हा मी गंमत करायला गेलो. "ताई, रस्त्याला उचकी लागत असेल."

त्या हसल्या नाहीत. "उचकी लागते ती कुणीतरी आठवण काढली म्हणून," एवढंच म्हणाल्या आणि पाकीट आत ठेवलं.

उन्हाळा होता. धाकट्या बहिणीचा फोन ऑफिसच्या वेळेत आला. ताईंनी ऐकलं, "उद्याची गाडी पकडते," म्हणाल्या, आणि फोन ठेवून पुढची चकती भिंगाखाली घेतली. भिंग उलटं धरलंय हे त्यांच्या लक्षात आलं नव्हतं. मी उठून पासाचा कागद भरून दिला.

पुढचं सगळं त्यांनी मला परत आल्यावर सांगितलं. तुकड्यातुकड्याने, आठवडाभर.

गाडीवर ड्रायव्हर होता घड्याळकाका. आगारातला सगळ्यात जुना माणूस. तो दारात दिसला की लोक मनगटावरची वेळ लावून घेत, म्हणून हे नाव. ताईंची जागा तिसऱ्या रांगेत, खिडकीशी. शेजारी एक शिक्षिका, मांडीवर तपासायच्या वह्यांचा गठ्ठा. साडेबाराला जेवणाचा थांबा झाला. ताईंनी बहिणीला फोन लावला.

"आई झोपलीय," धाकटी म्हणाली. "सारखी विचारतेय, निघाली का, कुठवर आली. ये तू लवकर."

लवकर म्हणजे काय ते ताईंइतकं कुणाला माहीत होतं? अजून सात तास दहा मिनिटं. गाडीला ढकलून काही होणार नव्हतं.

पूल आला तेव्हा दोनला पाच मिनिटं कमी होती. एकोणीस वर्षं ज्या जागेची रेघ बघितली ती जागा आज डोळ्यांनी बघायची, म्हणून ताईंनी घड्याळ काढून हातात धरलं. मनात आईच होती, पण डोळ्यांना काहीतरी काम हवं होतं. पूल संपला. माळ सुरू झाला. उन्हात इतका पांढरा, की खिडकीकडे बघवेना.

आणि मग माळ संपला.

एवढंच त्यांना आठवत होतं. मधे काही गेलं असं वाटलंही नाही. रस्त्याकडेला झुडपं दिसू लागली तेव्हा त्यांनी घड्याळ बघितलं. शिक्षिका त्यांच्याकडे टक लावून बघत होती.

"बरं वाटतंय ना तुम्हाला?"

"हो. का?"

"नाही, मी दोनदा हाक मारली. डोळे उघडे ठेवून झोपता तुम्ही." मग तिने हवा हुंगली. "आणि हा निलगिरीचा वास कुठून येतोय? मघापर्यंत नव्हता."

ताईंनी आपला उजवा तळवा नाकाशी नेला. बोटं तेलकट होती. निलगिरीच्या तेलाचा वास बोटांना येत होता. पिशवीत तेलाची बाटली नव्हती. त्यांनी रुमालाने बोटं पुसली, पुन्हा पुसली. पुढे पाच तास त्या मूठ मिटून बसल्या.

गाडी सात एक्कावन्नला पोचली.

बहिणीचं घर दुसऱ्या मजल्यावर. जिन्यात शेजारची माणसं उभी होती. ताईंना बघून ती भिंतीला सरकली, तेव्हाच कळायचं ते कळलं. दार उघडं होतं. धाकटी आतून आली. तिने ताईंना वरपासून खालपर्यंत बघितलं, खांद्यावरची पिशवी बघितली, आणि म्हणाली,

"परत आलीस?"

ताईंना वाटलं, आपण चुकीचं ऐकलं.

"परत म्हणजे काय? आत्ताच उतरतेय गाडीतून."

"ताई, नाटकं करू नकोस." धाकटीचा आवाज घोगरा झाला होता. "दुपारी आलीस, आईपाशी बसलीस, आणि तिला तशीच टाकून निघून गेलीस. मला एक हाक मारायची होतीस. मी स्वयंपाकघरात होते गं! पाण्याचा पेला घेऊन येते तर खोलीत तू नाहीस, आणि आई…"

शेजारच्या बाईंनी धाकटीला धरलं. ताई आत गेल्या. आई पलंगावर होती, चादर गळ्यापर्यंत. डोक्याशी स्टुलावर निलगिरीच्या तेलाची बाटली, झाकण काढलेलं.

"बाटली कुणी उघडली?" ताईंनी विचारलं.

"तूच! कपाळाला लावत होतीस तिच्या."

मग सगळं बाहेर पडलं. दोन वाजून गेले होते. दार वाऱ्यासाठी उघडंच होतं. धाकटी स्वयंपाकघराच्या दारात उभी असताना ताई आत आल्या. हातात सामान नाही. धाकटीला वाटलं, गाडीचं सांगून विमानाने आली, मघाचा फोन विमानतळावरूनच असेल, सामान खाली गाडीत असेल. "आलीस बाई एकदाची," असं ती म्हणालीसुद्धा. ताईंनी तिच्याकडे बघितलं, पण बोलल्या नाहीत, सरळ आईच्या खोलीत गेल्या. धाकटीने चहाचं आधण ठेवलं. आतून आईचा आवाज येत होता. गेले तीन महिने जी दोन शब्दांवर दमायची, ती सलग बोलत होती. आणि मध्येच ती हसली.

"मोठ्याने हसली, ताई. आठवतंय ना ती कशी हसायची? तशी. मी मनात म्हटलं, मोठी आली तर बघा कशी बरी झाली, आणि मी एवढं करते त्याचं काही नाही. राग आला मला. म्हणून मी आत आले नाही. दहा मिनिटं झाली असतील. मग एकदम शांत झालं."

ताईंनी पिशवीतून पासावर मिळालेल्या तिकिटाचा तुकडा काढून तिच्या हातात दिला. त्यावर गाडीची वेळ होती, जेवणाच्या थांब्यावरचा शिक्का होता. धाकटीने तो दिव्याखाली धरून वाचला. पुन्हा वाचला. मग तिने तो असा खाली टाकला, जणू बोटं भाजली.

"मग कोण आलं होतं?"

ताईंनी उजवी मूठ उघडली आणि पुन्हा मिटली.

तो प्रश्न दोघी बहिणींच्या मध्ये जाऊन बसला. सगळं उरकेपर्यंत त्या एकमेकींशी कामापुरतंच बोलल्या. निघायच्या दिवशी धाकटी म्हणाली, "तिकीट काय, कुणाचंही दाखवता येतं. तुला ती गेलेली बघवली नाही, म्हणून पळालीस. एवढंच कबूल कर, मी काही म्हणणार नाही." ताई म्हणाल्या, "मी नव्हते गं आले." धाकटीने दार लावून घेतलं.

त्या प्रवासाची चकती ताई परत येण्याआधीच टेबलावर येऊन पडली होती. दुसऱ्या कुणी वाचायची म्हटलं तर येत कुणाला होतं? त्या कामावर आल्या त्या दिवशी मी समोर होतो. गठ्ठ्यातून त्यांनी ती नेमकी काढली, भिंगाखाली धरली.

"इकडे ये. वाच."

"मला कुठे येतं, ताई?"

"सपाट कुठे आहे ते तर दिसेल."

दिसलं. दोन वाजून तीन मिनिटं ते दोन चौदा. वर सत्तरची रेघ, खाली सपाट. खिडकीबाहेर कामगार पत्रा ठोकत होते. ताईंनी शेऱ्याच्या रकान्यावर पेन टेकवलं. यंत्रदोष असं त्यांना लिहवेना. रकाना कोराच ठेवून त्यांनी वही मिटली.

दुपारी आम्ही दोघं खाली घड्याळकाकाकडे गेलो. तो गाडीच्या पायरीवर बसून पायमोजे बदलत होता.

"काका, त्या माळावर काय होतं?"

"काय व्हायचंय? सरळ रस्ता आहे."

"तुम्ही तिथे काय करता, ते विचारतेय."

काका मोजा हातात धरून थांबला. "आतला आरसा वर वळवतो," तो म्हणाला. "पूल संपला की वळवतो, झुडपं दिसली की खाली करतो. आम्ही सगळेच करतो, बाई. मला ज्याने गाडी शिकवली त्याने सांगितलं होतं. का, ते मी त्याला विचारलं नाही, तुम्ही मला विचारू नका."

त्यानंतर ताई पार बदलल्या. सोळा चकत्यांच्या तारखा त्यांनी एका कागदावर उतरवल्या आणि जुन्या आरक्षणाच्या वह्यांमधून त्या दिवशीच्या प्रवाशांची नावं काढली. त्यातल्या आमच्या शहरातल्या दोघांचाच पत्ता लागला. ताई त्यांच्याकडे जाऊन आल्या. एका शिंप्याने दारातूनच सांगितलं, मला काही आठवत नाही. दुसरी एक परिचारिका. तिने ताईंना आत घेतलं, दार लावलं, आणि विचारलं, "तुमचं कोण होतं?" तिचे वडील होते. ती पोचली तेव्हा सगळे तिला म्हणाले, दुपारी येऊन पाय चेपत होतीस की. ती हो म्हणाली आणि गप्प बसली, ती आजतागायत.

"तिला तरी काही आठवतं का?" मी विचारलं.

"काहीच नाही." ताई बोटं चोळत होत्या. ती सवय आता लागलीच होती. "भुताखेताची भीती नाही वाटत रे मला. मला फक्त राग येतो. चार वर्षांनी आई माझ्याशी समोरासमोर बोलली. हसली. काहीतरी सांगितलं असेल, काहीतरी विचारलं असेल, मीही काही बोलले असेन. ती अकरा मिनिटं माझीच होती ना? मग मला का नाही मिळाली?"

पुढच्या वर्षात त्यांनी चारही पास फाडले. माळावर डोळे ताणून बसायच्या. काही झालं नाही. पांढरी जमीन यायची आणि वीस मिनिटांत निघून जायची. बहिणीच्या घरी न जाता, स्टँडवर बसून त्या परतीच्या गाडीची वाट बघायच्या. यजमान बिचारे मला फक्त एकदा विचारून गेले, "ऑफिसात बरी असते ना ही?"

दीड वर्षाने धाकटीचाच फोन आला. मी समोरच होतो, म्हणून ताईंची बाजू मला ऐकू आली.

"हं, बोल… नाही, जागेवरच होते… काय म्हणतेस?" धाकटी रडत होती, ते मला एवढ्या लांबूनही कळलं. ती एकच विचारत होती, असं ताईंनी नंतर सांगितलं. तू आली होतीस ना? मला वेड नाही ना लागलं?

ताईंनी डोळे मिटले. "हो," त्या म्हणाल्या. "आले होते. पण काय बोललो ते माझ्यापाशी नाही राहिलं गं. विचारू नकोस."

पलीकडून धाकटी काहीतरी म्हणाली. ताईंनी फोन ठेवला, पदराने चष्मा पुसला. "चालेल म्हणाली," त्यांनी मला सांगितलं. तेवढ्या एका शब्दासाठी दीड वर्ष गेलं होतं. नंतर ताई नियमाने तिकडे जायला लागल्या, बहिणीकडे राहायला.

पुढे चकत्या बंदच झाल्या. गाड्यांमध्ये नवी यंत्रं आली, सगळं परस्पर संगणकावर जायला लागलं. नवं यंत्र सपाट रेघ दाखवतच नाही. मधलं काही जुळलं नाही तर स्वतःच भरून घेतं. ताई त्याच्या वर्षभर आधीच निवृत्त झाल्या होत्या. एक्स-रेचं पाकीट घरी नेलं का, हे मी विचारलं नाही.

त्यांच्या निवृत्तीनंतरच्या वर्षी मला कामानिमित्त पलीकडच्या आगारात जायचं होतं. ताईही बहिणीकडे निघाल्या होत्या. एकाच गाडीने गेलो. ताई खिडकीशी, मी शेजारी. पलीकडच्या रांगेत चाळिशीचा एक दांडगा माणूस होता, लिफ्ट दुरुस्त करणारा. पायाशी हत्यारांची जड पिशवी. सकाळपासून त्याने प्रत्येक थांब्यावर विचारलं होतं, अजून किती? जेवायला उतरला नाही. ताईंनी आपल्या डब्यातलं पुढे केलं तेव्हा मान हलवून म्हणाला, "बाबा आहेत हॉस्पिटलात. भाऊ म्हणतो, फार वेळ नाही."

ताईंनी डबा बंद केला. माझ्याकडे बघितलं नाही.

पूल संपला. समोर ड्रायव्हरचा हात वर गेला आणि आरसा छताकडे वळला.

गाडीचा आवाज तोच होता. इंजिन, टायर, सैल खिडकीची खडखड, सगळं जिथल्या तिथे. लोक पेंगत होते. मी बाहेर बघितलं. पांढऱ्या जमिनीवर तारा नसलेला एक वाकडा खांब उभा होता. गाडी पळत होती. खांब खिडकीच्या बरोब्बर मध्ये होता. मी नजर काढून पुन्हा बघितलं. खांब तिथेच. खालून रस्ता मागे जात होता, डांबराचे खडे मागे उडत होते, आणि खांब तसूभर हलला नव्हता.

"त्याच्याकडे बघ," ताई कुजबुजल्या.

त्या दांडग्या माणसाचे डोळे उघडे होते. डावा तळवा हवेत, खळगा करून, जणू कुणाचं डोकं उशीवरून उचलून धरलंय. उजव्या हातात काहीच नव्हतं, पण बोटं पेल्याभोवती वळावीत तशी वळलेली. तो हात सावकाश तिरका होत होता. थांबत होता. पुन्हा तिरका होत होता. माणूस पाणी पाजतो तसा. ओठ हलत होते. एवढ्या मोठ्या माणसाचा चेहरा शाळेतल्या मुलासारखा झाला होता. आणि त्याच्या शर्टाची उजवी बाही, मनगटापाशी, ओली होत गेली. मी बघत असताना.

मी मागे सरकलो. ताई मात्र उठल्या, माझ्या गुडघ्यांवरून ओलांडून मधल्या वाटेत गेल्या, आणि वाकून त्याच्या तोंडापाशी कान नेला. कितीतरी वेळ त्या तशाच वाकून होत्या, एका हाताने सीटची दांडी धरून. त्यांचा चेहरा मला दिसत नव्हता. पाठ दिसत होती. ती एकदा थरथरली.

मग खांब सरकला. एकदम मागे पडला, दिसेनासा झाला. थोड्या वेळाने झुडपं आली. आरसा खाली झाला.

तो माणूस बाहीकडे बघत होता, मग वर, छत गळतंय का ते. ताई अजून त्याच्यापाशीच उभ्या होत्या.

"ऐक," त्या म्हणाल्या. "घरचं कुणी म्हणालं, तू मघाशी येऊन गेलास, तर नाही म्हणू नकोस."

"काय?"

"नाही म्हणू नकोस. एवढं लक्षात ठेव."

वेडसर बाईकडे बघावं तसं त्याने बघितलं आणि माझ्याकडे वळला, मी त्यांना सांभाळतो की कसं, अशा नजरेने. मी खाली बघितलं.

ताई जागेवर येऊन बसल्या. मी तासभर धीर धरला. मग विचारलंच, "ऐकू आलं काही?"

"आलं."

"काय म्हणत होता?"

"ते त्याचं आहे," ताई म्हणाल्या. खिडकीला डोकं टेकलं आणि इतक्या गाढ झोपल्या, की पुढचे दोन थांबे त्यांना कळले नाहीत.

संध्याकाळी स्टँडवर गाडी लागायच्या आधीच तो माणूस दारात जाऊन उभा होता. पायरी उतरतो न उतरतो तोच त्याचा फोन वाजला. त्याने कानाला लावला. आम्ही त्याच्या मागेच होतो. तो ऐकत राहिला. मग हळूच वळला, आणि गर्दीतून त्याने ताईंना शोधलं. बाही वाळली होती, पण त्याने ती दुसऱ्या हाताने घट्ट धरली होती.

"हो," तो फोनमध्ये म्हणाला. "हो रे. आलो होतो."

मी त्या रस्त्याने नंतर दोनदा गेलो, कामच तसं होतं. माझी आईसुद्धा आता त्याच शहरात आहे, माझ्या भावाकडे, आणि तिची तब्येत बरी नसते. पूल दिसला की मी वर्तमानपत्र उघडून तोंडासमोर धरतो, म्हणजे मला खांब दिसत नाही आणि माझे ओठ कुणाला दिसत नाहीत, आणि एकच ओळ पुन्हा पुन्हा वाचत राहतो. शेजारचा हसला तर हसू दे.